वाळूच्या पिच्चरचं पाचवं रीळ

१

गुरुवारी सकाळी ताडकळसच्या दत्तराव दुधाट्यांनी दोन नंबरचा डबा उघडला, आत पाहिलं आणि तसाच बंद केला. हात धुतले, टोपी घातली आणि पालमला फोन लावला.

"कंट्रोलर, रीळ गेलं."

"कोणतं?" पलीकडून सिद्धोधन खिल्लारेंनी विचारलं.

"पाचवं. शेवटचं."

"घरात कुणाला सांगितलं?"

"रीळ गेलं एवढंच सांगितलं. बाकी कायबी बोललो न्हाई."

"नका बोलू. येतो मी."

सिद्धोधन खिल्लारे पालमच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गावोगाव त्यांचं नाव तेच राहिलं. या एकतीस वर्षांत बसमध्ये विसरलेल्या पिशव्या, पेट्या, एकदा तर नवरदेवाचा फेटा, त्यांनी ज्याचा त्याला पोचता केला होता. हरवलेलं सामान कुठं गेलं हे ते कधी शोधत नसत. ते कुणाला पाहिजे होतं आणि कुणाला नको होतं, एवढंच विचारत बसत. बहुतेकदा तेवढ्यानं भागायचं.

पण हे सामान वेगळं होतं. एस.टी.च्या खिडकीशी बसून नदीवरचा पूल मागं पडेपर्यंत सिद्धोधनांच्या डोळ्यांपुढून तंबू हलला नाही.

नरसिंह टुरिंग टॉकीज. सत्त्याहत्तर साली दत्तराव आणि त्यांचा धाकटा भाऊ भुजंग या दोघांनी काढलेली. पोखर्णीची जत्रा असो की ताडकळसचा बाजार, बैलगाडीतून तंबू यायचा. तंबूत सगळं गाव एकाच मातीवर बसायचं. पाटलांच्या पोरानं उठून बाजूला बसायला सांगितलं, तर अंधारात कोण कुणाला ओळखतंय, असं म्हणून सिद्धोधन जागचे हलायचे नाहीत. अठरा वर्षांचं वय होतं.

हिंदी पिच्चर भाड्यानं यायचे आणि जायचे. एकच पिच्चर भावांच्या मालकीचा होता, हैदराबादच्या एका बंद पडलेल्या कंपनीकडून आणलेला, जुना इंग्रजी, काळापांढरा. तीन भाऊ परक्या मुलखातल्या फौजेत भरती होतात आणि जिकडं बघावं तिकडं वाळू. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला वाळूचा पिच्चर म्हणायचे. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, म्हणून भुजंग पडद्याशेजारी माइक घेऊन उभा राहायचा आणि आपल्या बोलीत सांगायचा, "आता थोरला म्हणायलाय, पाणी तुमी प्या, मला तहान न्हाई." बायका पदर डोळ्यांना लावायच्या. सिद्धोधनांनी तो पिच्चर सात वेळा पाहिला होता.

येत्या रविवारी दुपारी गावातल्या मंगल कार्यालयात तो पुन्हा दाखवायचा होता. सदतीस वर्षांनी. आणि शेवटचं रीळ नव्हतं.

२

दत्तरावांचं घर आणि त्यांच्या थोरल्या भावजयीची, सरजाबाईंची खोली एकाच अंगणात होती. मागच्या कोठीत लाकडी फळीवर पाच पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले. दत्तरावांनी दार लावून घेतलं आणि दोन नंबरच्या डब्याचं झाकण काढलं.

आत नवार होती. बाजेची पांढरी सुती पट्टी, गोल गोल गुंडाळून, अगदी रिळाच्या मापाची. डबा हातात घेतला तर वजनातही फरक कळू नये.

"मी मंगळवारी पाची रिळं बघितली व्हती," दत्तराव म्हणाले. "एकट्यानंच. सगळी जाग्यावर. आज पुसून घ्यावं म्हणून उघडलं तर हे."

सिद्धोधनांनी नाक पुढं केलं. डब्यातून आंबूस, झणझणीत वास येत होता.

"सिरका सांडला का इथं?"

"रिळाचाच वास हाय. जुनी फिल्लम अशीच आंबती. पाचव्याचा तर लय. एकदा मशिनीत घातलं तर चालंल, पुन्ना भरोसा न्हाई. म्हणून तर रविवार धरला. आमी दोघं भाऊ हायेत तवर एकदा बघावं म्हणून."

सिद्धोधन डब्यांकडं पाहत उभे राहिले. झाकणांवर तेलरंगात आकडे होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

"दत्तराव, शेवटचं रीळ दोन नंबरच्या डब्यात कामून?"

दत्तराव पहिल्यांदाच जरासे हसले. "त्र्याऐंशी साली पोखर्णीच्या जत्रेत वावधान सुटलं, तंबू पडला, झाकणं उडाली. गोळा करताना अदलाबदल झाली. ती तशीच ऱ्हायली. आमाला पाठ व्हतं, मंग कोण बदलतंय."

"आमाला म्हंजे कुणाला?"

"मला. भुजंगला." दत्तराव थांबले. "खेळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी रिळं उलटी गुंडाळायची असायची. ते काम कधी भुजंग करायचा, कधी वैनी."

"बरं. आत नवार निघाली हे तुमच्या माझ्यातच राहू द्या."

दत्तरावांनी मान हलवली, पण त्यांचं चित्त दुसरीकडंच होतं. "शोधायचं काय त्यात, कंट्रोलर. मला ठावं हाय कुणी नेलं ते. माझ्याच पोरानं."

३

दत्तरावांचा मुलगा महारुद्र याचं बाजारपेठेत मोबाइलचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी हैदराबादचा एक संग्राहक जुने पिच्चर विकत घेत फिरत होता. महारुद्रनं बापाला देऊन टाका म्हटलं होतं आणि बाप महिनाभर बोलला नव्हता. आज सकाळी रीळ गेल्याचं कळताच बापानं लेकाकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर महारुद्र जेवायलाही घरी आला नव्हता.

सिद्धोधन दुकानात गेले तेव्हा तो काचेवर फडकं मारत होता.

"बसा काका. तुमी बी तेच इचारायला आलेत ना?"

"मी दुसरंच विचारतो. शेवटचं रीळ कोणत्या डब्यात असतंय?"

"पाचव्या." त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "शेवटचं पाचव्यातच आसंल की. का?"

"काही नाही. चहा सांग."

चहा येईपर्यंत महारुद्रचं मन मोकळं झालं. "काका, मला तो पिच्चर कधी बघायलाच भेटला न्हाई. मी कळता व्हायच्या आधीच टॉकीज बंद झाली. बाबा आन् भुजंगकाका त्याच्याबद्दल बोलायला लागले की दोघं वीस वर्षांचे व्हतात. मला वाटायचं ती रिळं म्हंजे ह्यांचे खरे लेकरं. राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण चोरायला लागंल एवढा न्हाई."

संध्याकाळी अंगणात त्याची मुलगी निकिता भेटली. परभणीला कॉलेजात शिकत होती आणि रविवारचा सगळा घाट तिचाच होता. तिला रडू येत होतं, पण ती ते दाबून उभी होती.

"आजोबा, मी तर फक्त मराठी ओळी लिहून घेतल्या होत्या. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनं संवादांचं भाषांतर करून दिलं. पडद्याच्या खाली दुसऱ्या मशीननं अक्षरं दाखवणार होतो, म्हणजे लोकांना खरंखरं कळेल तो काय बोलतो ते."

"हे घरात कुणाकुणाला सांगितलं होतंस?"

"सगळ्यांना. गेल्या रविवारी जेवताना. भुजंगआजोबा तर नुसते बघत राहिले. म्हणाले, मंग माझं काय काम. मी म्हटलं, तुम्ही सुरुवातीला दोन शब्द बोला."

सिद्धोधनांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्यात फाटकातून भुजंगराव आत आले. एकोणसत्तर वर्षांचे, काटक, पांढऱ्या मिशांचे. शेतातल्या आखाड्यावर, खोपीत, एकटेच राहत. त्यांनी चपला काढल्या नाहीत, ओट्यावर बसलेही नाहीत. दत्तरावांसमोर जाऊन उभे राहिले.

"दादा, पोरावर खामखा आळ घेऊ नका. रीळ म्या घेतलं."

४

सिद्धोधनांनी भुजंगरावांना कोपरापाशी धरलं आणि कडुलिंबाखाली नेऊन बसवलं.

"कोणत्या डब्यातून घेतलंत?"

"दोन नंबरच्या." उत्तर ताबडतोब आलं.

"कधी?"

"बुधवारी. दादा झोपले व्हते दुपारचे."

"आता कुठं हाय?"

"जाळलं."

"आणि डब्यात काय ठेवलं, वजनासाठी?"

भुजंगराव क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "दगड. चपटे दगड, नदीतले."

स्टँडवर अशी माणसं सिद्धोधनांनी पाहिली होती. दुसऱ्याची पिशवी आपली म्हणून सांगणारी लबाड माणसं, ती एक. आणि दुसऱ्याची चूक आपली म्हणून सांगणारी, ती वेगळी. पहिल्यांना पिशवीत काय आहे ते माहीत नसतं. दुसऱ्यांनाही नसतं.

"भुजंगराव, तुमी घेतलं न्हाई."

"घेतलं म्हणायलोय ना."

"एक सांगा मला. माइक सोडून चाळीस वर्षं होत आली. तरी लोक अजून तुमच्याच तोंडचा शेवट सांगतेत. थोरला भाऊ उन्हात दमून झोपला, सांज झाली की उठंल, वाळूच्या टेकडीआडून चालत येईल. पिच्चरमध्ये खरंच तसं हाय का?"

भुजंगरावांचे मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले.

"वाटलंच मला," सिद्धोधन हळू म्हणाले. "सातव्यांदा बघताना मला बी शंका आली होती. पण मी कुणाला बोललो न्हाई. तुमी सांगत व्हता तेच बरं वाटायचं."

दुधाटे भाऊ तीन होते, हे सगळ्या ताडकळसला माहीत होतं. सगळ्यांत थोरले आबासाहेब फौजेत गेले आणि एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या सरहद्दीवर, वाळवंटात, बेपत्ता झाले. तारेत तेवढाच शब्द होता. बेपत्ता. त्यांच्या आईनं, तानुबाईनं, सुनेच्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नाही. ती सून, सरजाबाई, तेव्हा वीस वर्षांची होती.

भुजंगराव उठले. जाताना त्यांनी सरजाबाईंच्या खोलीच्या बंद दाराकडं एकदा पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. सिद्धोधनांनी ती नजर पाहिली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या दारावर थाप मारली.

"या कंट्रोलर," आतून आवाज आला. "तुमी येणार ठावं व्हतं मला."

सरजाबाई पंच्याहत्तरीच्या. कंबरेत वाकलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सकाळची वेळ असून देवापुढं पाच-सहा उदबत्त्या एकदम पेटलेल्या होत्या. चंदनाच्या धुराखालून दुसराच एक वास येत होता.

"वैनी, वास कसला?"

"लोणच्याची बरणी फुटली काल."

"लोणच्याला तेल असतंय, मेथी असती. हा नुसता सिरका हाय."

त्यांनी उदबत्त्यांची राख झटकली. सिद्धोधन लोखंडी पलंगावर टेकले. समोरच्या भिंतीला एक जुनी लाकडी बाज उभी करून ठेवली होती. चारी बाजू रिकाम्या. नवार नव्हती.

"मी सांगतो, चुकलं तर तुमी सांगा," ते म्हणाले. "पैशासाठी नेणाऱ्यानं पाची रिळं नेली असती. एकट्या शेवटच्या रिळाला कोण विचारतंय. म्हंजे ज्यानं नेलं, त्याला पिच्चर नको न्हवता, शेवट नको होता. शेवट दोन नंबरच्या डब्यात हाय हे तिघांनाच ठावं. महारुद्र पाचवा म्हणतो, निकिताला तर त्याहून कमी ठावं. दत्तरावांनी स्वतः मला बोलावलं. भुजंगराव म्हणतेत मी नेलं, पण डब्यात दगड ठेवले म्हणतेत. डब्यात काय निघालं ते त्यांना ठावं न्हाई. मंग ऱ्हायलं कोण? आणि भुजंगराव कुणासाठी खोटं बोलतील?"

सरजाबाई हळूहळू उठल्या. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. एका मऊ झालेल्या इरकल लुगड्याच्या घडीत रीळ होतं.

"घ्या. इजा झाली न्हाई त्येला. फोडायचं, जाळायचं धाडस झालं न्हाई."

"कामून केलं वैनी? शेवट बघवत न्हाई म्हणून?"

"मला?" त्यांनी सिद्धोधनांकडं जराशा नवलानं पाहिलं. "मला तर पहिल्या खेळापासून ठावं हाय. धाकटा भाऊ थोरल्याच्या तोंडावर फडकं टाकतो. भुजंग माइकवर म्हणला, ऊन लागू नये म्हणून टाकलं. तोंडावर फडकं कुणाच्या टाकतेत ते मला शिकवायला लागतंय व्हय?"

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. सरजाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"शेजारी सासूबाई बसल्या व्हत्या. माझा हात धरून. भुजंगनं तसं सांगितलं आन् त्यांनी माझा हात दाबला. तार आल्यापास्नं सहा वर्षं म्हातारी धड झोपली न्हवती. त्या दिवशी झोपली. दुसऱ्या दिवशी मी रीळ उलटं गुंडाळायला बसले. भुजंग दारात आला, मान खाली घालून. वैनी, पाणी आणू का, म्हणला. वीस वर्षांचं पोरगं. त्येला वाटत व्हतं मला खरं वाटलं. मी म्हणलं, आण. तवापास्नं तो मला जपायलाय आन् मी त्येला."

"आणि आता निकिताची अक्षरं."

"अक्षर तर खोटं बोलत न्हाई. सगळं गाव वाचंल. भुजंगनं भावजयीला उभा जन्म फशिवलं, म्हणतील. हसतील. त्याची इज्जत काय ऱ्हाईल ह्या वयात? मी म्हणलं, शेवट नसला तर तो आपला पहिल्यासारखा सांगंल. लोक त्याच्याकडंच बघतील." त्यांनी रिळावरून हात फिरवला. "महारुद्रवर बालंट येईल हे डोक्यात आलं न्हाई. काल रातच्याला अन्न गेलं न्हाई मला. तुमी आला नसता तर मीच दत्तरावांकडं जाणार व्हते."

सिद्धोधनांनी रीळ पिशवीत ठेवलं. स्टँडवर असताना वस्तू परत करायच्या वेळी वहीवर सही घ्यायचा नियम होता. इथं कुणाची सही घ्यायची, हे त्यांना कळेना.

दत्तरावांना त्यांनी एवढंच सांगितलं. "रीळ चोरीला गेलं न्हवतं. घरातल्याच माणसानं जपून ठेवलं होतं. कुणी ते विचारू नका. पण शेवटचं रीळ कोणत्या डब्यात असतंय हे तुमच्या लेकाला ठावं बी न्हाई."

दत्तराव टोपी घालून बाजारपेठेत गेले. दुकानात जाऊन लेकाला काय म्हणाले ते कुणी ऐकलं नाही, पण दुपारी बापलेक एकाच मोटारसायकलवरून मशीन घेऊन मंगल कार्यालयाकडं जाताना गावानं पाहिले.

निकिताला सिद्धोधन बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी अक्षरं राहू दे बाई. या पिच्चरला आवाज लागतो."

तिनं कारण विचारलं नाही. हुशार पोरगी होती.

६

रविवारी तीन वाजता खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलेल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या मांडल्या होत्या, पण म्हातारी माणसं सवयीनं खालीच बसली. सरजाबाई पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून. दत्तराव मशीनवर. महारुद्र त्यांच्या शेजारी टॉर्च धरून उभा, आणि बाप एका हातानं रीळ लावत दुसऱ्या हातानं त्याला काहीतरी दाखवत होता.

वाळू दिसली आणि सभागृहातून एक लांब श्वास आला. भुजंगरावांचा आवाज आता बारीक झाला होता, मधूनच फाटत होता. पण शब्द तेच. "आता थोरला म्हणायलाय, पाणी तुमी प्या, मला तहान न्हाई." मागून एका म्हातारीनं त्यांच्या आधीच ते वाक्य म्हटलं आणि लोक हसले. सिद्धोधनही हसले. त्यांना गुडघ्याखाली तंबूतली माती टोचल्यासारखी वाटली.

एक, दोन, तीन, चार रिळं सरली. पाचवं लागलं. आंबूस वास पसरला. पडद्यावर डाग उठत होते, चित्र थरथरत होतं, पण चालत होतं.

मधला भाऊ आधीच वाटेत मागं राहिला होता, आणि थोरला कोरड्या विहिरीपाशी पडला होता. धाकटा त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. गळ्यातलं फडकं सोडलं आणि त्याच्या तोंडावर अंथरलं.

भुजंगराव गप्प झाले.

मशीनची खडखड तेवढी ऐकू येत होती. लोकांना वाटलं, घसा बसला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही. सिद्धोधन उठून त्यांच्याकडं निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले.

"तो गेला," भुजंगराव माइकमध्ये म्हणाले. "झोपला न्हाई. तिथंच, वाळूत गेला. धाकट्यानं त्याचं तोंड झाकलं. म्या पन्नास वर्षं गलत सांगत आलो. माय समोर बसली व्हती, मला सांगवलं न्हाई."

पडद्यावर वारा सुटला होता आणि वाळू त्या फडक्यावरून वाहत होती.

पहिल्या रांगेतून सरजाबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण शांततेत शेवटपर्यंत पोचला.

"ठावं हाय मला, भुजंग. म्होरं सांग."

भुजंगरावांनी बाहीनं डोळे पुसले. मशीनपाशी दत्तरावांनी बोट टेकवून फिल्म सांभाळून चालती ठेवली. धाकट्या भावानं उंटाची दोरी हातात घेतली होती आणि तो एकटाच टेकडी चढू लागला होता. भुजंगरावांनी माइक तोंडाजवळ धरला, आणि त्या एकट्या राहिलेल्या भावाचं पुढं काय झालं, ते सांगायला लागले.